भिंत सजवायची तर आधी भिंत मापा: घरीच कलाकृती बनवून टांगण्याची पूर्ण पद्धत

रिकामी भिंत दिसली की मनात पहिला प्रश्न येतो, 'इथे काय लावू?' माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, 'इथे केवढं लावू?' घरी बनवलेल्या कलाकृती भिंतीवर गेल्यावर फिक्या पडतात, तेव्हा दोष बहुधा चित्राचा नसतो. ते भिंतीच्या मानाने बारकं असतं, फार उंचावर टांगलेलं असतं किंवा चौकटीच्या कडांना चिकटून बसलेलं असतं. साधी कापलेली रंगीत पानंसुद्धा योग्य मापाच्या कागदावर, भोवती भरपूर मोकळी जागा सोडून, नजरेच्या उंचीवर लावली की खोलीचं रूप पालटतं. चित्रकला येत नाही म्हणून मागे राहू नका. माप, चौकट आणि टांगणी या तीन गोष्टी कोणालाही शिकता येतात आणि त्यांना खर्चही फारसा नाही.

आधी भिंतीची ओळख

मोजपट्टी घ्या आणि भिंतीची मोकळी लांबी-रुंदी लिहून काढा. सोफा, पलंग किंवा कपाट यांच्या वरची जागा असेल तर त्या सामानाची रुंदी वेगळी मोजा. वर जे लावाल त्याची एकूण रुंदी सामानाच्या साधारण दोन तृतीयांश ठेवायची. सोफा १८० सेंमी रुंद असेल तर वरची कलाकृती, किंवा चौकटींचा समूह, सुमारे १२० सेंमी रुंद हवा. एवढ्या जागेत एकटं ए-४ चित्र लावलं की ते हरवतंच. ए-४ कागद २१ × २९.७ सेंमीचा असतो, ए-३ म्हणजे २९.७ × ४२, आणि ए-२ म्हणजे ४२ × ५९.४. ही मापं लक्षात असली की कागद, पुठ्ठा आणि चौकट घेताना गोंधळ होत नाही.

मग ओल बघा. रंगाचे पोपडे सुटले असतील, पांढरी भुकटी दिसत असेल किंवा हात लावल्यावर गार-दमट वाटत असेल तर तिथे कागदी काम लावू नका, बुरशी धरेल. शंका असेल तर प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा आहे. पहिल्या प्रकारात आधी भिंतीची दुरुस्ती, सजावट नंतर.

तिसरी गोष्ट ऊन. दिवसभरात कोणत्या भिंतीवर थेट ऊन येतं ते एकदा नीट पाहा. स्केचपेन, साधी रंगीत शाई, रंगीत घोटीव कागद यांचे रंग उन्हात लवकर उडतात. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं, म्हणून तो उजेडात पिवळा पडतो. उन्हाच्या भिंतीवर अ‍ॅक्रिलिक रंगाचं किंवा पोत असलेलं काम चांगलं टिकतं, आणि कागदी कामं सावलीच्या भिंतीवर.

कागदाचे साचे: ही पायरी गाळू नका

कोणतीही वस्तू बनवायच्या आधी जुन्या कागदाचे त्या मापाचे चौकोन कापा आणि मास्किंग टेपने भिंतीवर लावून ठेवा. एक मोठा, दोन मध्यम, तीन लहान, जसं मनात असेल तसं. दोन-तीन दिवस येता-जाता बघा. बसल्यावर कसं दिसतं, दारातून आत येताना काय दिसतं, दिव्याचा उजेड कुठे पडतो, हे तेव्हाच कळतं. साचे हलवायला भोकं पाडावी लागत नाहीत, म्हणून निर्णय मोकळ्या मनाने घेता येतो. जे माप भिंतीवर शोभलं, त्याच मापाचं काम हाती घ्या.

आता खुद्द कामं. सगळी एकाच वेळी करायची नाहीत. भिंतीला साजेल ते एक निवडा.

कापलेल्या कागदांची मोठी रचना

चित्र काढता येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सुचवेन. फ्रेंच चित्रकार आँरी मातिस यांच्यावर १९४१ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पूर्वीसारखं उभं राहून रंगवणं अवघड झालं, तेव्हा ते कात्रीकडे वळले. सहायक कागदाला गॉश (अपारदर्शक जलरंग) लावून देत, मातिस त्यातून आकार कापत, आणि ते आकार भिंतीवर टाचून मनाजोगी रचना होईपर्यंत जागा बदलत राहत. १९५४ मध्ये ते गेले तोवर हे काम चालू होतं. या पद्धतीतल्या दोन गोष्टी आपण जशाच्या तशा उचलायच्या: कागद स्वतः रंगवणं आणि चिकटवण्याआधी भरपूर हलवाहलव करणं.

१५० ते २०० जीएसएमचे (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन तितके ग्रॅम) ड्रॉइंग पेपर घ्या. पोस्टर कलर किंवा गॉश चपट्या ब्रशने सपाट लावा. ब्रशचे पट्टे थोडे दिसू द्या, त्यांनीच कागद जिवंत दिसतो. बाजारातल्या छापील रंगीत कागदाला ती मजा येत नाही. रंग चार किंवा पाच पुरे, त्यात एक गडद आणि एक जवळजवळ पांढरा हवाच. रंग वाळताना कागद वळतो. पूर्ण वाळल्यावर पाठीमागून किंचित ओला हात फिरवा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा.

कापताना पेन्सिलीने आकार काढू नका. कात्रीचा हात जागेवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवा, म्हणजे वळणं सलग येतात, दातेरी होत नाहीत. पानं, लाटा, गोटे, बिया असे साधे आकार पुरेसे आहेत. आकार कापून झाल्यावर जो कागद उरतो तो टाकू नका. त्यातल्या रिकाम्या जागेचा आकार पुष्कळदा कापलेल्या तुकड्याहून देखणा असतो.

पाया म्हणून ए-२ मापाचा ३०० जीएसएम कागद किंवा माउंट बोर्ड (चौकटीसाठी वापरतात तो जाड पुठ्ठा) घ्या. तुकडे त्यावर मांडा, कमी चिकट टेपने तात्पुरते धरून ठेवा आणि भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. सगळं एकसारखं राखाडी दिसलं तर रंग वेगवेगळे असूनही गडद-फिका भेद कमी पडला आहे. एखादा गडद आकार वाढवा. रचना पटली की शेवटचा फोटो जपून ठेवा आणि त्याबरहुकूम एकेक तुकडा चिकटवा. पांढऱ्या गोंदात थोडं पाणी घालून तो कडेपर्यंत पातळ लावायचा. मधे जाड आणि कडेला कोरडा असला की काही दिवसांत टोकं उचलली जातात. वर बटर पेपर ठेवून मधून बाहेरच्या दिशेने दाबत जा, आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

उन्हाने काढलेले निळे ठसे

सायनोटाइप ही माझी सगळ्यात आवडती पद्धत, कारण तिच्यात पानाची शीर न् शीर कागदावर उतरते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षापासून वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे ठसे याच पद्धतीने काढून पुस्तकरूपात आणले. इमारतींचे जुने निळे नकाशेही याच रसायनांचे.

रसायनं दोन. २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरव्या प्रकारचं) १०० मिलि पाण्यात, आणि १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड दुसऱ्या १०० मिलि पाण्यात. दोन्ही गडद बाटल्यांत वेगवेगळी ठेवायची आणि वापरायच्या वेळीच समप्रमाणात मिसळायची. पावडर मोजताना मास्क आणि हातमोजे घाला. स्वयंपाकाची भांडी वापरू नका. फेरीसायनाइड तापवायचं नाही आणि त्यावर तीव्र आम्ल पडू द्यायचं नाही, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. लहान मुलं सोबत असतील तर आधीच लेप दिलेला तयार कागद आणा. त्यांच्यासाठी तेच बरं.

खिडक्यांचे पडदे ओढून, पिवळसर दिव्याच्या मंद उजेडात काम करा. जलरंगाच्या जाड कागदावर मऊ ब्रशने मिश्रणाचा एक हात आडवा आणि लगेच एक उभा द्या. ए-४ कागदाला तीन-चार मिलि पुरतं. कागद अंधारात पूर्ण वाळवा, तेव्हा त्याचा रंग पिवळट हिरवा दिसतो.

पानं आधीपासून दाबून सपाट केलेली हवीत. पान कागदापासून वर उचललेलं राहिलं की कडेने ऊन शिरतं आणि ठसा धूसर होतो. जाड पुस्तकात, शोषक कागदांच्या मधे ठेवलेली पानं दोन-तीन आठवड्यांत तयार होतात, पहिले काही दिवस कागद बदलत राहा. नेच्याची पानं, पिसं, लेसचा तुकडा, जाळीदार झालेलं पान, हे सगळं सुंदर उतरतं. वाळलेल्या कागदावर मांडणी करा, वर साधी काच ठेवा, कडांना चिमटे लावा आणि उन्हात ठेवा.

आता लक्ष कागदाच्या उघड्या भागावर. पिवळट हिरवा रंग आधी निळसर होतो, मग गडद होतो आणि शेवटी त्यावर करडी, किंचित काशासारखी झाक येते. ती झाक आली की ठसा तयार. कडक उन्हात १० ते २० मिनिटं, ढगाळ हवेत पुष्कळ जास्त. पहिल्या खेपेला एका चिंधी कागदावर चाचणी घ्या. पुठ्ठा थोडा थोडा सरकवत एकाच पट्टीवर वेगवेगळा वेळ ऊन द्या, म्हणजे तुमच्या उन्हाला किती वेळ पुरतो ते कळेल.

मग कागद स्वच्छ पाण्यात घाला. पिवळं द्रावण निघून जातं, पानाखालची जागा पांढरी होते आणि भोवती निळा रंग उघडतो. पाणी पिवळं येणं थांबेपर्यंत, पाच ते दहा मिनिटं, धुवा. वाळल्यानंतरही पुढच्या दिवसभरात निळा रंग आणखी गडद होत जातो, म्हणून फिका वाटला तर घाई करू नका. या निळ्या रंगाला क्षार सोसत नाहीत. त्यामुळे साबणाने धुवायचं नाही, आणि मागचा पुठ्ठाही चुन्याचा क्षार न घातलेला, उदासीन असलेला बरा. फार उजेडात ठसा थोडा फिकटला तर काही दिवस अंधारात ठेवल्यावर बराचसा परत येतो.

एकाच मापाचे चार किंवा सहा ठसे सारख्या चौकटींत, दोन ओळींत लावले की मोठी भिंत सहज भरते. निळ्या-पांढऱ्याच्या पलीकडे दुसरा रंग नसल्यामुळे समूह आपोआप जुळतो.

पोत असलेला फलक

याला रंग एक, फार तर दोन. सगळी गंमत सावलीची. ताणलेल्या कॅनव्हासवर जाड थर दिला की कापड हलतं आणि थराला तडे जातात, म्हणून ६ मिमीचा प्लायवुड किंवा एमडीएफ (लाकडाचा तंतू दाबून केलेला) फलक घ्या. कडा पॉलिश पेपरने घासा, दोन्ही बाजूंना प्रायमर लावा. एकाच बाजूला लावला तर फलक वाकतो.

तयार भिंतीच्या पुट्टीत थोडा पांढरा गोंद आणि अ‍ॅक्रिलिक रंग मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट करा. पहिला थर तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि मग चिरतो. थर ओला असतानाच जुना कंगवा, पुठ्ठ्याचा दातेरी तुकडा किंवा चमच्याची पाठ फिरवून लाटा, कमानी, खाचा काढा. नक्षी एकदाच, सलग हाताने काढायची. पुन्हा पुन्हा डिवचलं की पोत चिखलासारखा होतो. उठाव जास्त हवा असेल तर २४ तासांनी दुसरा थर. शेवटी मास्क लावून टोकदार जागा बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि मॅट रंग द्या. चमकदार रंगाने सावल्या मोडतात. हा फलक खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर लावा, तिरप्या उजेडात त्याचं खरं रूप खुलतं.

कापड, दोरा आणि थेट भिंत

वापरात नसलेली आवडती ओढणी किंवा छापील चादर लाकडी चौकटीवर ताणून लावणं हे तासाभराचं काम. कापड इस्त्री करून उलटं पसरा, वर चौकट ठेवा. पहिली पिन एका बाजूच्या मध्यावर, दुसरी समोरच्या बाजूच्या मध्यावर, मग उरलेल्या दोन बाजूंचे मध्य. तिथून कोपऱ्यांकडे सरकत, प्रत्येक वेळी समोरासमोर पिना मारत जा. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर नक्षी तिरकी ओढली जाते.

मॅक्रमेसाठी (दोराला गाठी मारून केलेल्या टांगत्या नक्षीसाठी) ३ ते ४ मिमी जाडीचा सुती दोर घ्या. दोर किती लागेल याचा साधा हिशोब: प्रत्येक दोर तयार लांबीच्या आठपट कापायचा, कारण काठीवर अडकवताना तो दुमडून निम्मा होतो. ५० सेंमी लांबीच्या कामाला एकेक दोर ४ मीटर. गाठी दाट असतील तर थोडा जास्त. चौकोनी गाठ एवढी एक गाठ आली तरी पुष्कळ नक्षी होतात. खालच्या झालरीला ओला कंगवा फिरवून मग सरळ कापा.

भाड्याचं घर नसेल तर भिंतीवर थेट कमान किंवा पट्टे रंगवता येतात. मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी भिंतीच्याच रंगाचा पातळ हात फिरवा. टेपखाली जो रंग झिरपायचा तो भिंतीचाच झिरपतो, आणि नवा रंग धारदार कडेवर थांबतो. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरपी, सावकाश ओढून काढा.

चौकट आणि माउंट

पैसे कुठे घालायचे असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, माउंटला. माउंट म्हणजे चित्र आणि चौकट यांच्यामधली पुठ्ठ्याची खिडकी. ती चित्राला श्वास घ्यायला जागा देते आणि काच कागदाला चिकटू देत नाही. आम्लविरहित पुठ्ठा मागून घ्या, नाहीतर काही वर्षांनी खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते.

ए-४ चित्र ४० × ५० सेंमीच्या चौकटीत बसवायचं आहे असं धरा. खिडकी कागदापेक्षा प्रत्येक बाजूला अर्धा सेंमी लहान, म्हणजे २० × २८.७. डावी-उजवी पट्टी प्रत्येकी १० सेंमी. उभ्यात २१.३ सेंमी उरतात. वर १० आणि खाली ११.३ ठेवा. खालची पट्टी किंचित मोठी असली की चित्र घसरल्यासारखं वाटत नाही. कापताना स्टीलची पट्टी आणि नवं पातं वापरा. एका दमात जोर लावण्यापेक्षा तीन-चार हलके हात फिरवा. चित्र माउंटला फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी टेपने लटकवा. चारही बाजूंनी चिकटवलं तर दमट हवेत कागद फुगतो आणि त्याला सुरकुत्या पडतात.

जुन्या, वेगवेगळ्या चौकटी एकाच मॅट रंगाने रंगवून घेतल्या तरी चालतात. फक्त आधी पॉलिश पेपर मारा, म्हणजे रंग धरेल.

टांगणी

चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर. बहुतेक घरांत चित्रं याहून हातभर वर असतात, आणि सामानापासून तुटल्यासारखी दिसतात. सोफ्यावर टांगताना पाठीच्या वर १५ ते २० सेंमी सोडा. तिथे मध्यबिंदूच्या नियमापेक्षा हे अंतर महत्त्वाचं.

खिळ्याची जागा अशी काढा: मध्य १४८ सेंमीवर आणि चौकट ५० सेंमी उंच, तर वरची कड १७३ वर येते. मागची तार वर ओढून धरा आणि ती वरच्या कडेपासून किती खाली येते ते मोजा. समजा ७ सेंमी. तर खिळा १६६ सेंमीवर. समूह असेल तर तो एकच मोठी चौकट समजून त्याचा मध्य १४८ वर आणा, सगळ्यात मोठं चित्र आधी लावा आणि प्रत्येक दोन चौकटींमध्ये ५ ते ७ सेंमी सोडा. अंतर सगळीकडे सारखं असेल तर चौकटी वेगवेगळ्या असल्या तरी खपतात.

स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, त्या रेषेत तारा असतात. हलक्या चौकटीला बारीक पोलादी खिळा पुरतो. पोताच्या फलकाला ड्रिलने भोक पाडून आत गट्टू ठोका आणि स्क्रू बसवा. रुंद चौकटीला एकाऐवजी दोन खिळे दिले तर ती सारखी वाकडी होत नाही. पाणसळ लावून एकदा खात्री करा.

चिकट पट्ट्या लावायच्या तर भिंत स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या आतच राहा, पट्टी अर्धा मिनिट दाबा आणि तासभर थांबून मगच चौकट अडकवा. ताज्या रंगावर, पोपडे सुटणाऱ्या भिंतीवर आणि वॉलपेपरवर त्या वापरू नका. पलंगाच्या डोक्याशी काचेची चौकट चिकट पट्टीवर लावूच नये.

चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना फेल्टच्या किंवा रबराच्या टिकल्या लावा. मागून हवा खेळती राहते आणि भिंतीवर काळी रेघ पडत नाही. काच पुसताना फवारा थेट तिच्यावर मारू नका, पाणी कडेने आत उतरतं. फडका ओला करून पुसा. मॅक्रमेवरची धूळ झटकून काढा आणि पोताच्या फलकावर फक्त मऊ कोरडा ब्रश फिरवा. जागा बदललीत तर जुन्या भोकात पुट्टी भरा, वाळल्यावर ती थोडी आत बसते तेव्हा दुसरा हात द्या, घासा, आणि उरलेल्या रंगाचा टिपका लावा. भिंत रंगवली तेव्हाचा थोडा रंग घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलेला असेल तर हे काम पाच मिनिटांचं आहे.